शेतकऱ्याचें व्हिडिओ-चॅनेल : मंद वाढ व टिकाऊ उत्साह

हल्लीं खेडोपाडीं मोबाईल पोहोंचला आहे. विशेषतः २०१६ सालापासून इंटरनेटचे दर उतरल्यावर पिकांवरील रोग, खतांच्या मात्रा, औजारें व बाजारभाव यांची माहिती व्हिडिओंतून पाहण्याची चाल शेतकरीवर्गांत चांगलीच रुळली. त्याबरोबर आपल्या शेतांतील अनुभव इतरांस दाखवावा, या हेतूनें स्वतःचें यूट्यूब-चॅनेल काढणारे शेतकरीही ठिकठिकाणीं दिसूं लागले आहेत. ही गोष्ट समाधानाची आहे. कारण शेतकऱ्यानें शेतकऱ्यास सांगितलेली गोष्ट जितकी लवकर पटते, तितकी दुसऱ्या कोणीं सांगितलेली पटत नाहीं.

परंतु यांपैकीं बरींच चॅनेलें दहावीस व्हिडिओंनंतर थंडावतात. आरंभीं उत्साह दांडगा असतो. पण दोनतीन महिने खपूनही पाहणारांचा आंकडा शंभर-सव्वाशेंच्या पुढें सरकत नाहीं, गांवांतील लोक थट्टा करूं लागतात, घरांतील माणसें 'यांत मिळतें काय?' म्हणून विचारतात, आणि मालकाचें मन कामावरून उडतें. दुसरे कांहीं जण चॅनेल बंद करीत नाहींत; पण आंकडा फुगविण्याच्या नादीं लागून खऱ्याखोट्याचा विधिनिषेध सोडतात. आमच्या मतें पहिल्या प्रकारापेक्षां हा दुसरा प्रकार अधिक घातक होय. बंद पडलेल्या चॅनेलमुळें मालकाचे श्रम तेवढे फुकट जातात. फुगवून सांगणाऱ्या चॅनेलमुळें पाहणाराचें पीक व भांडवल बुडतें. यास्तव चॅनेल सावकाश वाढत असतां धीर कसा धरावा, हा प्रश्न एकट्या मालकाचा नसून सर्व शेतकऱ्यांच्या हिताचा आहे, असें समजून त्याचा येथें विचार करूं.

वाढ मंद कां असते?

मन खचूं द्यावयाचें नसेल, तर प्रथम वाढ मंद असण्याचीं कारणें समजून घेतलीं पाहिजेत. यूट्यूब २००५ सालीं अमेरिकेंत सुरू झालें. त्यावर कोणता व्हिडिओ कोणापुढें ठेवावयाचा, हें माणूस बसून ठरवीत नाहीं; गणकयंत्रें ठरवितात. मुखचित्र पाहून किती जणांनीं व्हिडिओ उघडला, उघडल्यावर तो किती मिनिटें पाहिला, अशा गोष्टींवरून तो आणखी किती जणांस दाखवावा याचा अंदाज बांधला जातो. नव्या चॅनेलचा असा पूर्वेतिहास नसतो. बाजारांत नव्यानें आलेल्या व्यापाऱ्याची पत जशी एका दिवसांत बसत नाहीं, तसेंच हें आहे.

दुसरें कारण विषयाचें. सिनेमाचें गाणें कोणीही पाहील. पण द्राक्षाच्या गोडी छाटणीवरील मराठी व्हिडिओ नाशिक, सांगली, सोलापूर अशा भागांतील बागाईतदारांखेरीज सहसा कोण पाहणार? आणि तेही छाटणीच्या तोंडावर. भाषा, पीक, प्रदेश व हंगाम या चार चाळण्यांतून गळून जे प्रेक्षक उरतील, तेच आपले. ते थोडेच असावयाचे. तमिळनाडूंतील एका शेतकरी कुटुंबानें २०१८ सालीं काढलेल्या 'व्हिलेज कुकिंग चॅनेल'चे सबस्क्रायबर, म्हणजे नांव नोंदविलेले प्रेक्षक, २०२१ सालीं एक कोटीवर गेले, हें उदाहरण पुष्कळ जण पुढें करितात. पण रांधणें हा सर्वांच्या जिव्हाळ्याचा विषय असून तें पाहण्यास भाषाही फारशी लागत नाहीं. शिवाय इतकी त्वरित वाढ विरळा. तेलंगणांतील लंबाडीपल्ली गांवचें 'माय व्हिलेज शो' हें चॅनेल २०१२ सालीं निघालें. त्यांतील गंगव्वा या शेतमजुरी केलेल्या वृद्ध बाई घरोघर माहीत झाल्या, त्या त्यानंतर कित्येक वर्षांनीं.

तिसरें कारण हंगामाचें. घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवणशक्ति कशी तपासावी, यावर एक व्हिडिओ केला असें समजा. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत ठेवावे, आठवड्यानें उगवलेले मोजावे, सत्तर किंवा अधिक उगवल्यास बियाणें पेरण्यालायक समजावें, एवढाच त्याचा विषय. तो मे महिन्यांत पाहिला जाईल. पेरण्या आटोपल्यावर त्याकडे कोणी फिरकणार नाहीं. ही घसरण पाहून मालक हताश होतो. पण वर्तमानपत्र जसें दुसऱ्या दिवशीं रद्दींत जातें, तसें व्हिडिओचें नाहीं. पुढच्या मे महिन्यांत कोणी तोच प्रश्न शोधूं लागला, कीं तोच व्हिडिओ त्याच्यापुढें येऊं शकतो. म्हणून या महिन्याची तुलना मागील महिन्याशीं न करितां मागील वर्षाच्या त्याच महिन्याशीं करावी.

पैशाचा हिशेब आधींच करावा

निराशेचें मोठें मूळ पैशाच्या चुकीच्या अपेक्षेंत असतें. २०१८ सालापासून असा नियम आहे कीं, चॅनेलला जाहिरातींच्या उत्पन्नांत वांटा मिळण्यासाठीं १००० सबस्क्रायबर असावे, आणि मागील १२ महिन्यांत त्याचे व्हिडिओ एकंदर ४००० तास पाहिले गेलेले असावे. (शॉर्ट्स म्हणून जे आखूड व्हिडिओ असतात, त्यांस तासांऐवजीं ९० दिवसांत १ कोटि वेळां पाहिले जाण्याची निराळी अट आहे.) ४००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटें. प्रत्येक पाहणारा सरासरीनें ४ मिनिटें थांबतो असें धरलें, तर वर्षांत ६०,००० वेळां व्हिडिओ पाहिले गेले पाहिजेत. आठवड्यास एक याप्रमाणें वर्षांत ५० व्हिडिओ केले, तर प्रत्येकाच्या वांट्यास १२०० येतात. पंधरवड्यास एक याप्रमाणें २५ केले, तर २४००.

आतां ज्याचे २५ व्हिडिओ प्रत्येकीं १५० वेळां पाहिले गेले, त्याचा हिशेब पाहूं. ३७५० वेळां पाहणी, गुणिले ४ मिनिटें, म्हणजे १५,००० मिनिटें. अर्थात् २५० तास. मजल ४००० तासांची आहे. ती गांठल्यावरही लांब व्हिडिओवरील जाहिरातींच्या उत्पन्नाचा ५५ टक्के वांटा मालकाचा असतो, आणि १०० डॉलर सांठल्याशिवाय रक्कम हातीं पडत नाहीं. यावरून उघड होईल कीं, पहिल्या वर्षीं या कामांतून संसारास हातभार लागेल अशी आशा धरणें, म्हणजे लावणीच्या वर्षींच आंब्याखालीं टोपली घेऊन बसण्यासारखें आहे.

सबब या कामासाठीं कर्ज मुळींच काढूं नये. हातांत आहे तोच मोबाईल पुरे. वाऱ्याची घरघर टाळण्यासाठीं सदऱ्यास लावावयाचा लहान माईक व मोबाईल स्थिर ठेवण्यासाठीं एक तिपाई, एवढें सामान पहिल्या वर्षास बस्स होतें. ज्यानें भारी कॅमेरा हप्त्यानें घेतला, त्याच्या डोक्यावर दर महिन्यास हप्ता उभा राहतो, आणि हप्त्याच्या धाकानें धीर धरतां येत नाहीं.

थोड्या प्रेक्षकांचें मोल

आंकडा लहान म्हणून काम लहान, असें मात्र समजूं नये. २००६ सालीं बंगळूर येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधनसंस्थेंत रिकिन गांधी व त्यांचे सहकारी यांनीं 'डिजिटल ग्रीन' नांवाचा प्रयोग आरंभिला. कर्नाटकांतील १६ खेड्यांत तो १३ महिने चालला. त्या भागांतील शेतकऱ्यांवरच घेतलेले व्हिडिओ गांवांतील लहान लहान गटांस दाखवावयाचे, आणि मधूनमधून थांबवून गांवच्याच माणसानें प्रश्नोत्तरें करावयाचीं, अशी त्याची रीत होती. नेहमींच्या प्रचारपद्धतीशीं तुलना करितां कांहीं सुधारणा उचलणारांचें प्रमाण या रीतीनें सातपट झालें, आणि एका शेतकऱ्यानें सुधारणा उचलण्यामागें येणारा खर्च दहाव्या हिश्शावर आला, असें त्यांस आढळून आलें. तेथें प्रेक्षक लाखांनीं मोजावयाचे नव्हतेच. व्हिडिओंतील शेतकरी कोण, कोणत्या गांवचा, हा प्रश्न मात्र पाहणारांस महत्त्वाचा वाटे. आपल्यासारखाच माणूस, आपल्यासारखीच जमीन, हें दिसलें म्हणजे विश्वास बसे.

यांतून घ्यावयाचा बोध असा कीं, शेतीच्या व्हिडिओचें खरें माप किती जणांनीं पाहिला हें नसून किती जणांनीं तसें करून पाहिलें हें आहे. चाळीस जणांनीं पाहून त्यांतील चौघांनीं बियाण्याची उगवण तपासली, आणि एकाची दुबार पेरणी टळली, तर त्या व्हिडिओचे श्रम सार्थकीं लागले. हें माप यूट्यूबच्या पाटीवर दिसत नाहीं. तें मालकानें स्वतःच ठेविलें पाहिजे.

उत्साह टिकविण्याचे उपाय

(१) हातांतील गोष्टीच मोजाव्या. 'या वर्षीं १००० सबस्क्रायबर करीन' हा संकल्प आपल्या हातचा नव्हे. 'या वर्षीं २५ व्हिडिओ करीन, आणि प्रत्येकांत एक गोष्ट पुरी समजावून सांगेन' हा हातचा आहे. पाऊस किती पडेल हें आपण ठरवीत नाहीं. नांगरट वेळेवर करणें तेवढें आपल्याकडे असतें.

(२) आंकडे महिन्यांतून एकदांच पाहावे. व्हिडिओ टाकल्यापासून तासातासास मोबाईल उघडून पाहणें, म्हणजे रोपानें मूळ धरलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तें उपटण्यासारखें आहे. महिन्याचा एक दिवस ठरवून त्या दिवशीं वहींत नोंद करावी, व मग महिनाभर तो विषय मिटवावा.

(३) आंकड्यांतून दोष शोधावा, भाग्य नव्हे. यूट्यूब स्टुडिओंत प्रेक्षक कोणत्या क्षणीं व्हिडिओ सोडून गेले याचा आलेख मिळतो. पुष्कळदां असें दिसतें कीं, नमस्कार, चॅनेलचें नांव, हवापाण्याच्या गोष्टी यांत पहिलें मिनिट गेलें व निम्मे लोक तेवढ्यांतच उठले. अशा वेळीं आरंभींच रोगट पान दाखवावें, व आज काय सांगणार हें एका वाक्यांत सांगावें. एका व्हिडिओंत एकच सुधारणा करावी. सुधारणा दिसूं लागली कीं हुरूप आपोआप येतो.

(४) प्रश्नांची वही ठेवावी. प्रेक्षकांनीं, शेजाऱ्यांनीं, बाजारांत भेटलेल्या ओळखीच्यांनीं विचारलेला प्रत्येक प्रश्न तारखेसह लिहून ठेवावा. कांदा रोपवाटिकेंत मर कां होते, ठिबकच्या नळ्यांतील क्षार कसे काढावे, डाळिंबाचा बहार केव्हां धरावा, असा एकेक प्रश्न म्हणजे पुढच्या व्हिडिओचा विषय होय. ज्याच्याजवळ ही वही आहे, त्यास 'आतां काय दाखवूं?' ही अडचण पडत नाहीं. शिवाय तुमचें सांगून काम झालें असें कोणीं कळविल्यास तेंही याच वहींत उतरावें. वाईट दिवसांत तीं पानें उघडावीं.

(५) शेतकामासाठीं चॅनेल अडवूं नये, आणि चॅनेलसाठीं शेतकाम मुळींच अडवूं नये. चित्रणासाठीं निराळा दिवस न काढतां जें काम शेतांत चाललेंच आहे, त्याचेंच चित्रण करावें. सुगी, छाटणी, लावणी अशा घाईच्या दिवसांत नवें काम होत नाहीं. म्हणून मोकळ्या दिवसांत चारपांच व्हिडिओ तयार करून शिलकेस ठेवावे. खंड पडला कीं मन ढिलें होतें, म्हणून ही बेगमी हवी. शेताकडे दुर्लक्ष करून चालविलेलें चॅनेल फार दिवस टिकत नाहीं. कारण दाखवावयास शेतच चांगलें राहत नाहीं.

(६) सोबत असावी. एकट्यानें बोलावें, चित्रण करावें, कांटछांट करावी व टीकाही सोसावी, हें जड जातें. दोनतीन शेतकऱ्यांनीं मिळून, किंवा गांवच्या शेतकरी गटानें चॅनेल चालविल्यास कामें वांटलीं जातात. घरांतील लिहित्यावाचत्या मुलामुलींस कांटछांटीचें काम लवकर येतें. एकाचें मन खचलें तर दुसरा ओढून नेतो. आणि एकाचें विधान अतिशयोक्तीचें झालें तर दुसरा तेथल्या तेथें हटकतो.

(७) थट्टा व निंदा यांचा भेद ओळखावा. 'तुम्हीं औषधाची मात्रा चुकीची सांगितली' असें कोणी लिहील, तर तें तपासून, चूक असल्यास त्याच ठिकाणीं दुरुस्ती जाहीर करावी. 'शेती सोडून नट झाला' असें कोणी म्हणेल, तर उत्तर देण्यांत वेळ दवडूं नये.

धीर सुटला कीं मोह येतो

चॅनेल वाढत नाहीं असें पाहून मालकाचें मन अधीर झालें, कीं त्यास 'एकरीं दहा लाख' असलीं मुखचित्रें आकर्षूं लागतात. खर्च वजा न घालतां उत्पन्न सांगावें, एका चांगल्या झाडाचें माप सबंध बागेस लावावें, एका वर्षीं लागलेला भाव दर वर्षींचा म्हणून दाखवावा, असे याचे प्रकार आहेत. यानें आंकडा क्वचित् वाढतोही. पण तो पाहून एखादा शेतकरी आपली दोन एकर जमीन व सोसायटीचें कर्ज त्यांत घालतो, हें विसरतां येत नाहीं. २०१२ च्या सुमारास इमू पक्ष्यांच्या, आणि २०१९ सालीं कडकनाथ कोंबड्यांच्या योजनांत अनेक शेतकऱ्यांचे पैसे अडकले, तेव्हां झटपट नफ्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवण्याची किंमत काय पडते तें सर्वांनीं पाहिलें आहे.

फवारणीच्या बाबतींत तर प्रश्न जिवाचा आहे. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले. ज्यास कीटकनाशकाविषयीं व्हिडिओ करावयाचा असेल, त्यानें वेष्टनावरील सूचना व कृषि विद्यापीठाची शिफारस पाहिल्याविना मात्रा सांगूं नये. दोन औषधें आपल्या मनानें मिसळून दाखवूं नयेत. आणि स्वतः हातमोजे व तोंडावर मुखवटा घातल्याशिवाय पंप पाठीवर घेऊन कॅमेऱ्यापुढें उभें राहूं नये. शंका असल्यास जवळच्या कृषि विज्ञान केंद्रांत विचारावें, व ठाऊक नसेल तें ठाऊक नाहीं म्हणून सांगावें.

चॅनेल थोडें नांवारूपास आलें, कीं 'टॉनिक' व औषधें विकणारे लोक पैसे घेऊन मालाची स्तुति करा म्हणून येतात. पहिली कमाई हीच असल्यानें तिचा मोह मोठा असतो. स्वतःच्या शेतांत एक हंगाम वापरून, शेजारीं न वापरलेला पट्टा ठेवून, फरक मोजल्याशिवाय अशी शिफारस करूं नये. पैसे घेतले असतील तर तसें स्पष्ट सांगावें. यूट्यूबचा नियमही तसाच आहे.

याउलट फसलेल्या पिकाचा व्हिडिओ करण्यास शेतकरी कचरतो. परंतु कांदा कां सडला, लागवडीचा खर्च किती आला, पट्टी किती मिळाली, हें पावत्यांसह दाखविणारा व्हिडिओ पाहणारास फार उपयोगी पडतो, आणि त्या मालकाचें पुढचें बोलणें लोक खरें मानतात. सावकाश वाढणाऱ्या चॅनेलपाशीं दुसरें भांडवल नसलें तरी हा विश्वास असूं शकतो. तो एकदां गमावला कीं कोणत्याही मुखचित्रानें परत येत नाहीं.

मुदत ठरवावी

धीर धरणें म्हणजे डोळे मिटून ओढीत राहणें नव्हे. एका वर्षांत खरीप, रब्बी व उन्हाळी असे हंगाम एकदांच येतात. त्यावरून कांहींच ठरवितां येत नाहीं. दोन वर्षें पुरीं करावीं, म्हणजे प्रत्येक हंगामाची त्याच हंगामाशीं तुलना होते. त्यानंतर कामाच्या घाईंत किंवा भाव पडल्याच्या रागांत नव्हे, तर सवडीच्या दिवसांत वही घेऊन बसावें, आणि स्वतःस तीन प्रश्न विचारावे. लोक आपणांस प्रश्न विचारतात काय? कोणीं आपलें पाहून कांहीं करून पाहिलें काय? आणि चित्रणाच्या निमित्तानें पेरणीच्या, फवारणीच्या, खर्चाच्या ज्या नोंदी झाल्या, त्यांनीं आपली स्वतःची शेती सुधारली काय? तिहींपैकीं दोहोंचें उत्तर होकारार्थी आल्यास, आंकडा लहान असला तरी काम चालवावें. तिन्हीं उत्तरें नकारार्थी आलीं, तर विषय बदलावा, किंवा काम थांबवावें. अशा रीतीनें विचारपूर्वक थांबण्यांत कमीपणा नाहीं. न साधणारें पीक सोडून दुसरें घेणारास कोणी भित्रा म्हणत नाहीं.

ज्या वाचकांच्या मनांत चॅनेल काढण्याचें आहे, त्यांनीं आधीं मोबाईल बाजूस ठेवून कागद घ्यावा, आणि आपल्या स्वतःच्या शेतांत दाखवितां येतील असे २५ विषय, प्रत्येकापुढें तो कोणत्या महिन्यांत लागतो तें लिहून, मांडून पाहावे. यादी पुरी झाली तर वर्षाचें काम हातीं आहे असें समजावें. दहाव्या विषयावरच अडली तर आणखी एक हंगाम नोंदी ठेवाव्या व मग आरंभ करावा. ज्यांचें चॅनेल आधींच चालू आहे, त्यांनीं आपल्या दोन वर्षांचा हिशेब, म्हणजे व्हिडिओ किती, खर्च किती, प्रश्न किती व करून पाहणारे किती, असा मांडून आमच्याकडे अवश्य पाठवावा. तो इतरांस मार्गदर्शक होईल.